नाटकाचा ग्रुप, रोमटामेळ, फुटबॉल टीम : कॉलेजातलं हे रॅगिंग कोणाच्या हिशेबातच नाही

मोगरी_फोंडा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. चतुर्थीनंतर तालमींचा हंगाम सुरू झाला की कोणाला बोलायला वेळ नसतो, म्हणून हा विषय आत्ताच काढते.

मी कॉलेजच्या मुलांच्या एकांकिका बसवते. पहिल्या वर्षाला आलेली मुलं पावसाच्या पहिल्या काही आठवड्यांतच आपापली जागा शोधतात. कोणी नाट्यमंडळात शिरतो, कोणी शिगम्याच्या (आपल्या होळीच्या सणाच्या) रोमटामेळात, म्हणजे ढोल-ताशांवर नाचत जाणाऱ्या मिरवणुकीच्या पथकात, कोणी फुटबॉलला, कोणी फेस्टच्या कमिटीत. यात वाईट काहीच नाही. कॉलेजात मुलं जे खरोखर शिकतात त्यातलं बरंचसं या ग्रुपमध्येच शिकतात, असं माझं मत आहे. म्हणूनच ही जागा खराब झालेली मला बघवत नाही.

‘आमच्या गोव्यात रॅगिंग नाही हो’ हे मी प्राध्यापकांकडून ऐकलंय, पालकांकडून ऐकलंय, मुलांकडूनही. तसं वाटायला कारण आहे. आपल्याकडची बरीचशी मुलं घरून ये-जा करतात. सकाळी कदंबाच्या सरकारी बसने किंवा खाजगी बसने यायचं, तास संपले की परत. रॅगिंग म्हटलं की हॉस्टेल, रात्र आणि बंद खोली डोळ्यांसमोर येते. मग हॉस्टेल नाही तर रॅगिंग कसलं, असा सरळ हिशेब होतो. पण कॉलेज सुटल्यावर रिकामा पडलेला हॉल, मैदानामागची चेंजिंग रूम, पिकनिकची बस आणि व्हॉट्सॲपचा ग्रुप एवढ्यावर सगळं भागतं.

एक प्रसंग सांगते. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण असं दुसरीकडेही होतं हे मला ठाऊक आहे.

सत्तरीतला मुलगा. आवाज खणखणीत, वाचन स्वच्छ. तालीम संपल्यावर सीनियर मुलांनी त्याची बॅग घेतली आणि स्टेजवरच्या लाइटच्या पाइपला अडकवली. शिडी विंगेत, आणि शिडीच्या पायरीवर एक सीनियर बसलेला. ‘नवो मरे तूं? एक आयटम कर पळोवया.’ आयटम म्हणजे कुत्रा. हातापायांवर रांगत हॉलभर फिरायचं आणि प्रत्येक सीनियरपाशी थांबून भुंकायचं. त्याने केलं. सगळे हसले, तोही हसला. मग ‘मागे ऐकू आलं नाही, परत कर’. बसचा पास बॅगेत, बॅग वर. वाळपईची शेवटची बस गेली. घरी फोन करून त्याने सांगितलं की तालीम लांबली.

मला हे प्रॉपर्टी सांभाळणाऱ्या मुलीने सांगितलं. सांगताना तिचा आवाज रागाने कापत होता.

मुलगा नंतर तालमीला यायचा बंद झाला. ग्रुपमध्ये सगळे म्हणाले, ‘टिकला नाही.’ त्याला कोणी मारलं नव्हतं, कोणी पैसे मागितले नव्हते, तक्रारही झाली नाही. सीनियर मुलांना आजही विचारा, ती मनापासून सांगतील की आम्ही रॅगिंग केलेलं नाही, आमच्याकडे तर सगळी फॅमिली आहे.

शिक्षा झाल्या पाहिजेत, त्यावर वाद नाही. पण शिक्षा हा मागाहूनचा भाग झाला. हे होऊच नये म्हणून ग्रुपची घडी कशी बसवायची, यावर ज्याला जे माहीत आहे ते त्याने इथे लिहावं.

कुळागर_सावईवेरे

ताई, वाचून पोटात कालवलं. माझी लेक यंदाच पहिल्या वर्षाला गेली. ॲडमिशनच्या वेळी तिच्याकडून आणि आमच्याकडून रॅगिंगविरोधी हमीपत्र ऑनलाइन भरून घेतलं. सायबर कॅफेवाल्याने भरलं, आम्ही ओटीपी सांगितला. त्यात काय लिहिलं होतं हे आम्हा दोघांनाही आज सांगता येणार नाही. सगळ्यांचं असंच होतं का?

रापणकार

मोगरीताई, राग मानू नका, पण गोष्ट जरा मोठी होतेय असं वाटतं. आम्हीही नाचलो, आम्हालाही बाकावर उभं करून गायला लावलं. त्यातूनच तर दोस्ती झाली. आज इतक्या वर्षांनी आम्ही एकमेकांच्या घरच्या लग्नाला धावून जातो ते त्या दिवसांमुळे. आताच्या मुलांच्या मनाला सगळंच लागतं. रंगमंचावर उभं राहायचं तर लाज आधी मोडावी लागते, हे तुम्ही नाटकवाल्यांनीच आम्हाला शिकवलं ना?

लेखणी_म्हापसा

वकिली करते, म्हणून आधी कायद्याचं.

कुळागरबाब, त्या हमीपत्रात एक महत्त्वाची गोष्ट आहे. रॅगिंग करणाराच तेवढा दोषी धरला जात नाही. सक्रिय किंवा निष्क्रिय साथ देणाऱ्यालाही जबाबदार धरता येतं, आणि मुलाने व पालकाने ते मान्य करून सही केलेली असते. शिडीवर बसलेला तर त्यात येतोच, कडेला बसून हसणाऱ्यांनीही तो कागद एकदा वाचावा.

यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, रॅगिंगविरोधी नियमावली २००९ची. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या राघवन समितीचा २००७चा अहवाल होता, न्यायालयाचे आदेशही होते, तरी कॉलेजं ढिम्म होती. मार्च २००९ मध्ये हिमाचलात टांडाच्या मेडिकल कॉलेजात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा मुलगा सीनियर्सच्या मारहाणीत गेला, आणि जूनमध्ये नियमावली आली. गोव्याचा स्वतःचा रॅगिंगबंदीचा कायदा २००८चा, म्हणजे तिच्याही आधीचा आहे.

‘हे कॉलेजच्या वेळेबाहेर झालं’, ‘हे आवाराबाहेर झालं’ ही नेहमीची पळवाट. नियमावलीत ती ठेवलेलीच नाही. वर्ग, हॉस्टेल, मैदान, कॅन्टीन, आवाराच्या आतलं-बाहेरचं सगळं त्यात येतं, आणि मुलं शिक्षणासाठी ज्या वाहनाने ये-जा करतात ते वाहनही, सरकारी असो वा खाजगी. व्याख्याही रुंद आहे. मुलाला लाज वाटेल असं काही करायला लावणं, त्याच्याकडून आपली असाइनमेंट लिहून घेणं, त्याच्यावर जबरदस्तीने खर्च लादणं हे सगळं रॅगिंगच. २०१६च्या दुरुस्तीने जात, धर्म, रंग, लिंग, लैंगिक कल, दिसणं, भाषा, जन्मस्थान, राहण्याचं ठिकाण, आर्थिक परिस्थिती यांवरून केलेला छळ आणि वाळीत टाकणंही त्यात आणलं. आपल्याकडे ‘घाटी’ म्हणून हिणवणं, कोकणीचा हेल किंवा इंग्रजीचा उच्चार यांवरून रोज खेचणं गमतीत खपून जातं. कायद्याच्या नजरेत ती गंमत राहत नाही.

ग्रुपवाल्या मुलांनी आणखी एक लक्षात ठेवावं. शिक्षांच्या यादीत निलंबन, निकाल रोखणं, प्रवेश रद्द करणं आहेच, पण स्पर्धांत आणि युवा महोत्सवांत कॉलेजचं प्रतिनिधित्व करू न देणं ही शिक्षाही आहे. कोणी केलं ते सापडलं नाही तर सामूहिक शिक्षेची तरतूद आहे.

तक्रार पीडितानेच करावी असं नाही. पालक, मैत्रीण, कोणीही करू शकतं. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. गुन्हा घडल्याचं दिसत असेल तर माहिती मिळाल्यापासून २४ तासांत पोलिसांत एफआयआर नोंदवणं ही संस्थाप्रमुखाची जबाबदारी आहे. ‘आधी आपसात मिटवून बघू’ याला तिथे जागा नाही.

निळा_डोंगर

मानसशास्त्र शिकवतो. रापणकारभाऊ, तुमचा अनुभव खोटा आहे असं मी म्हणणार नाही, पण त्याचा अर्थ वेगळा लागू शकतो.

१९५९ साली एलियट ॲरन्सन आणि जडसन मिल्स या दोघांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. कॉलेजच्या मुलींना एका चर्चागटात घ्यायचं होतं. काहींना प्रवेशासाठी परक्या पुरुषासमोर अश्लील शब्द आणि मजकूर मोठ्याने वाचायला लावला, काहींना सौम्य शब्द दिले, काहींना थेट घेतलं. मग सगळ्यांना त्या गटाची म्हणून एक चर्चा ऐकवली. ती मुद्दाम अत्यंत कंटाळवाणी ठेवली होती. सर्वांत जास्त लाज सोसून आलेल्या मुलींना तीच चर्चा सर्वांत रंजक वाटली. एवढं सोसलं ते फुकट गेलं, हे मन कबूल करत नाही. म्हणून ज्यासाठी सोसलं ते मोलाचंच होतं, असं ते स्वतःला पटवतं. चर्चा होती तशीच रटाळ राहिली.

शिवाय ‘आमची दोस्ती त्यातूनच झाली’ हे सांगायला कोण उरतं? राहिलेले. सत्तरीचा तो मुलगा तुमच्या लग्नांत नसतो, त्याला कोणी विचारत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या एका फ्रॅटर्निटीत (कॉलेजच्या मुलांच्या निवडक सभासदांच्या क्लबात) नव्याने येणाऱ्या मुलांना ती प्रक्रिया चालू असतानाच वेळोवेळी प्रश्न विचारत गेले. छळाने एकोपा वाढतो याला फारसा आधार सापडला नाही. दोस्ती होते ती एकत्र राबल्याने, रात्र-रात्र एका कामामागे लागल्याने. छळ त्याच दिवसांत होतो म्हणून श्रेय त्याला मिळतं.

रापणकार

डोंगरसर, राहिलेल्यांनाच विचारलं जातं हा मुद्दा मानतो. असा विचार केला नव्हता.

पण एक प्रश्न उरतोच. नाटक म्हणजे हमाली आहे. लेव्हल्स (स्टेजवरचे लाकडी चौथरे) टेम्पोतून उतरवायच्या, नेपथ्याचे फ्लॅट रंगवायचे, झाडू मारायचा, चहा आणायचा. हे नव्यांनी नाही तर कोणी करायचं? उद्या एखादा म्हणेल, मला झाडू मारायला लावला, हे रॅगिंग. मग ग्रुप चालवायचा कसा?

मोगरी_फोंडा

रापणकारभाऊ, हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत. खरी गोची इथेच आहे आणि सीनियर मुलंही इथेच अडखळतात.

मी मुलांना सांगते, आधी बघा की ते काम नाटकाचं आहे का. लेव्हल उचलली नाही तर पडदा उघडणार नाही. मुलगा भुंकला नाही तर नाटकाचं काहीच अडत नाही. मग बघा, तेच काम सीनियर करतो का. माझ्या तालमीत झाडूची पाळी लावलेली असते आणि त्यात मुख्य भूमिका करणाऱ्याचं नाव सर्वांच्या आधी असतं. नायिकेने स्टेज झाडलं की नव्या मुलीच्या हातातल्या झाडूत अपमान उरत नाही. टेम्पोतून लेव्हल उतरवताना एका टोकाला नवा, दुसऱ्या टोकाला जुना. हे मुद्दाम करते, कारण जड वस्तू दोघांनी उचलताना बोलावं लागतं, ‘सांभाळ’, ‘डावीकडे’, ‘पायरी आहे’. ओळख तिथे होते.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ‘नाही’ म्हणता येतं का. ‘सर, आज मला बस पकडायची आहे’ असं म्हणून मुलगा गेला, तर उद्या त्याची भूमिका त्याच्यापाशीच असते का? नसेल तर बाकी सगळं कितीही हसतखेळत होवो, तो मुलगा तिथे धाकानेच उभा आहे.

लाज मोडण्याबद्दल. रंगमंचावर लाज मोडावी लागते हे खरंच आहे, त्यासाठी खेळ असतात, व्यायाम असतात. त्यात सगळे एकत्र उतरतात, मीही उतरते. प्राणी होणं हा तर अभिनयाचा जुना व्यायाम. पण तो करताना कोणी शिडीवर बसून बघत नसतं आणि कोणाची बॅग टांगलेली नसते.

घुमट_केपें

आमच्या वाड्यावरच्या मेळातला अनुभव देतो. गावच्या शिगम्यात नवा मुलगा येतो तेव्हा त्याच्या हातात आधी कांसाळें, म्हणजे झांजा, देतात. ताल अंगात मुरला की मग घुमट, ते मातीचं तालवाद्य. चुकला तर म्हातारा वादक डोळे वटारतो, हात धरून परत ठेका दाखवतो. कडक शिस्त असते, पण कोणी कोणाला नागवं केलं, रांगायला लावलं, असं मी तरी पाहिलेलं नाही. त्या मेळात काका असतात, शेजारी असतात, मुलाचा बापही असतो.

कॉलेजच्या पथकात सगळेच वीस-बावीसचे. शिगम्याच्या मिरवणुका म्हणजे मार्च, म्हणजे हुर्राकाचा, काजूच्या दारूचा हंगाम. फोंडा, पणजी, मडगाव अशा मिरवणुका करत पथक रात्री उशिरा परततं, टेम्पोत बाटल्या असतात आणि ‘आमच्यात यायचं तर एका दमात’ हे सुरू होतं. यातली भीती मला खरी वाटते. न पिणाऱ्या मुलाने एका दमात किती आणि काय घेतलं याचा अंदाज त्याला नसतो, पाजणाऱ्यालाही नसतो.

आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी एका पथकाबरोबर जायला सुरुवात केली. उपदेश काही करत नाही. टेम्पोत मागे बसतो, शेवटचा मुलगा घरी पोचेपर्यंत थांबतो. एवढ्यानेच वागणं बदलतं.

बोस्टनची_बाय

इथे अमेरिकेत याला हेझिंग म्हणतात. हॉस्टेलपेक्षा क्लब, टीम, बँड, फ्रॅटर्निटी अशा गटांशीच ते जोडलेलं आहे, म्हणून तुमच्या धाग्याशी जवळचं वाटलं. २००८ साली इथल्या ५३ शिक्षणसंस्थांतल्या अकरा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. क्लब, टीम, संघटना यांत असलेल्यांपैकी ५५ टक्के मुलांच्या वाट्याला असं काहीतरी आलेलं होतं. आपल्यावर झालं ते हेझिंग होतं हे ज्यांनी ओळखलं, त्यांच्यापैकी ९५ टक्के मुलांनी कॉलेजला कळवलंच नाही. तेव्हा ‘आमच्याकडे एकही तक्रार नाही’ हे ऐकून निर्धास्त होऊ नका.

घुमटबाब, तुमच्या भीतीबद्दल. फेब्रुवारी २०१७ मध्ये पेन स्टेट विद्यापीठातल्या एका फ्रॅटर्निटीत टिमोथी पियाझा या एकोणीस वर्षांच्या मुलाला प्रवेशाच्या नावाखाली भराभर दारू पाजली. तो जिन्यावरून पडला. आजूबाजूला मुलं होती. रात्रभर त्यांनी त्याला सोफ्यावर ठेवलं, ॲम्ब्युलन्स बोलावली ती जवळजवळ बारा तासांनी. तो वाचला नाही. घाबरली होती सगळी, आपण अडकू म्हणून. पेनसिल्व्हेनियाने त्यानंतर २०१८ मध्ये जो कायदा केला त्यात शिक्षा वाढवल्याच, शिवाय वेळेवर मदत बोलावणाऱ्याला संरक्षणही दिलं. मला हा भाग फार शहाणपणाचा वाटतो. घाबरलेल्या मुलाला फोन उचलायचं बळ त्यातून मिळतं.

डिसेंबर २०२४ मध्ये इथे देशपातळीवरचा कायदाही झाला. कॉलेजांना अशा घटनांची मोजदाद जाहीर करावी लागते आणि कोणत्या संघटनेने नियम मोडला तेही नावानिशी. तुमच्याकडे कॉलेजच्या वेबसाइटवर ‘अँटी रॅगिंग सेल’ म्हणून समितीच्या नावांची यादी असते. कुठल्या ग्रुपला काय समज दिली हे कुठे कधी लिहिलेलं पाहिलंय का कोणी?

मैदान_नावेली

फुटबॉल शिकवतो. बोस्टनच्या ताईंनी लिहिलेलं आमच्या मुलांना वाचून दाखवणार. आमच्याकडे नियम केलाय की कोणी पडलं, शुद्ध हरपली, ओकायला लागलं तर आधी १०८, मग मला, मग बाकी काय ते. कोणी पाजली, कोणी ढकललं हा विचार नंतर. आणि पावसात धबधब्यावरच्या पिकनिकला नव्यांना पाण्यात उतरवायचं नाही. ओहोळाला पाणी क्षणात चढतं.

टीमचं म्हणाल तर आमच्याकडे नव्याने पहिल्या मॅचआधी सगळ्यांचे बूट पुसायचे अशी जुनी रीत होती. ती मोडली म्हणण्यापेक्षा उलटवली. आता कॅप्टन नव्या मुलाला जर्सी देतो, सगळ्या टीमसमोर, आणि तो कुठून आला, कुठे खेळतो हे कॅप्टनने स्वतः सांगायचं. त्यासाठी त्याला आधी त्या मुलाशी बोलावंच लागतं. मुलांना काहीतरी विधी हवा असतो, हे मी मानतो. नुसतं ‘हे बंद’ म्हटलं तर ती लपून दुसरं काढतात. हातात काहीतरी चांगलं द्यावं लागतं.

लाल_माती

कॉलेजात शिकवतो, रॅगिंगविरोधी पथकातही आहे. दुसऱ्या बाजूचं थोडं सांगतो.

नियमावली कागदावर उत्तम आहे. समितीत पोलीस, प्रशासन, स्थानिक पत्रकार, पालक, नवे-जुने विद्यार्थी सगळे हवेत. दर सहा नव्या मुलांमागे एक सीनियर मेंटॉर हवा. पहिले तीन महिने दर पंधरवड्याला नव्या मुलांचं निनावी सर्वेक्षण व्हायला हवं. आता प्रत्यक्षात काय होतं? सगळा जोर पहिल्या महिन्यावर. बॅनर लागतात, ऑगस्टमध्ये रॅगिंगविरोधी सप्ताह होतो, पोस्टर स्पर्धा होते. पण ग्रुपमधला त्रास सुरू होतो तालमी सुरू झाल्यावर, म्हणजे आमचा उत्साह ओसरल्यावर. आणि पथक फिरतं ते कॉरिडॉरमध्ये, कॅन्टीनमध्ये, गेटवर. संध्याकाळी हॉलची किल्ली कोणाकडे आहे हे आम्हाला माहीत नसतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. किल्लीची वही ठेवा. हॉल कोणी घेतला, किती वाजता परत केला, जबाबदार शिक्षक कोण, हे लिहा. तालीम संपायची वेळ शेवटच्या बसवरून ठरवा आणि ती वेळ नोटीस बोर्डावर लावा. तालीम लांबणार असेल तर मुलांना घरी सोडायची व्यवस्था कॉलेजने करायची, नाहीतर लांबवायची नाही. मोगरीताईंच्या प्रसंगात बॅगेइतकीच बस महत्त्वाची होती. परतीचं साधन सीनियरच्या हातात गेलं की मुलगाही त्याच्या हातात जातो. मुलींच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं आहे.

सर्वेक्षणात एक प्रश्न आम्ही बदलला. ‘तुमच्यावर रॅगिंग झालं का?’ असं विचारलं की सगळे ‘नाही’ लिहितात. आता विचारतो, ‘तुम्ही कुठल्या ग्रुपमध्ये गेला होता का? सोडला का? का सोडला?’ यावर मुलं लिहितात. मोगरीताई म्हणतात ती ‘टिकली नाहीत’ मुलं आम्हाला इथे भेटतात.

दुसरं_वर्ष

धागा वाचतेय, खातं आजच उघडलं. मी एका ग्रुपमध्ये आहे, कुठल्या ते नको. आमच्यात समोरासमोर कोणी काही करत नाही. व्हॉट्सॲपवर ज्युनियर्सचा वेगळा ग्रुप आहे, ॲडमिन सीनियर. रात्री एक-दीडला मेसेज येतो, ‘ऑनलाइन कोण?’ पाच मिनिटांत हजेरी लावली नाही तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर व्हॉइस नोटमध्ये माफी पाठवायची. मागच्या वर्षी मी पाठवली. यंदा मला सीनियर म्हणून त्या ग्रुपची ॲडमिन केलंय. पहिल्या वर्षाच्या एका मुलीने काल विचारलं, ‘दीदी, सायलेंट ठेवला तर चालेल का?’ मी अजून उत्तर दिलेलं नाही. मी बाहेर पडले तर ग्रुप चालूच राहील, आणि मला भूमिका मिळणार नाही. काय करू?

लेखणी_म्हापसा

बाय, आधी हे की यात तुझी काही चूक नाही, आणि विचारलंस हे फार मोठं आहे. व्हॉट्सॲपवर अनौपचारिक ग्रुप करून ज्युनियर्सना छळणं हेही रॅगिंग धरावं, असं यूजीसीने २०२५ मध्ये संस्थांना कळवलं आहे. तेव्हा ‘ते तर फोनवर होतं’ हे चालणार नाही. मागचे मेसेज डिलीट करू नकोस. स्क्रीनशॉट काढ, तारीख-वेळ दिसेल असे, आणि घरच्या एखाद्या मोठ्या माणसाकडे पाठवून ठेव.

लाल_माती

वकीलताईंनी सांगितलं ते कर. त्याशिवाय, ॲडमिन तू आहेस तर उत्तर द्यायचा अधिकारही तुझ्याकडे आहे. त्या मुलीला आजच सांग की सायलेंट ठेव. मग एकटी लढू नकोस. तुझ्यासारखं वाटणारी आणखी एखादी तरी दुसऱ्या वर्षात असेल, तिला सोबत घे आणि ज्या शिक्षकांवर तुमचा विश्वास आहे त्यांच्याकडे दोघी जा. ग्रुपचे प्रभारी शिक्षक सीनियर्सच्या मर्जीतले वाटत असतील तर त्यांना ओलांडून थेट प्राचार्यांकडे किंवा हेल्पलाइनकडे जाता येतं.

मोगरी_फोंडा

बाय, भूमिकेचं तू लिहिलंस ते मला सर्वांत लागलं. भूमिका कोणाला द्यायची हे ज्या ग्रुपमध्ये सीनियर ठरवतात, तिथे तो सीनियर काहीही मागू शकतो. सगळ्या छळाची किल्ली तिथे आहे. माझ्या ओळखीच्या दिग्दर्शकांना, ग्रुपच्या प्रभारी शिक्षकांना मी हेच सांगायला लागले आहे की निवड उघड्यावर करा. वाचन सगळ्यांसमोर, परीक्षक बाहेरचे दोघे, निकाल त्याच दिवशी बोर्डावर. मग ॲडमिनची भीती निम्मी होते.

तुझं शहर, कॉलेज काही सांगू नकोस. पण तुला वाटलं तर मला इथे खाजगी संदेश कर. तुमच्या प्रभारी शिक्षकांना मी ओळखत असले तर तुझं नाव न घेता बोलेन.

कुळागर_सावईवेरे

मी आज लेकीबरोबर बसून ते हमीपत्र पूर्ण वाचलं. तिने विचारलं, ‘पप्पा, निष्क्रिय म्हणजे नुसतं बघत बसलं तरी?’ तासभर बोललो आम्ही. ती नाट्यमंडळात जाणार आहे. मी तिला नको म्हटलेलं नाही. फक्त कितीही वाजू देत, बस चुकली तर मला फोन कर, मी विचारणार नाही का चुकली, गाडी घेऊन येईन, एवढं तिला सांगितलं. बाकीच्या पालकांनाही हे सुचवतो. घरून ओरडा बसेल या भीतीने मुलं ‘तालीम लांबली’ सांगतात.

लाल_माती, तुमची किल्लीच्या वहीची आणि बसच्या वेळेची मागणी मी पालक-शिक्षक सभेत लेखी देणार आहे. मसुदा करून इथे टाकलात तर बरं होईल.

लाल_माती

टाकतो. उद्या संध्याकाळपर्यंत.

दुसरं_वर्ष

सगळ्यांना धन्यवाद. मुलीला सांगितलं, सायलेंट ठेव. मग ग्रुपवरच लिहिलं की रात्री नऊनंतर इथे तालमीची वेळ सोडून काही येणार नाही, हजेरी नाही, माफी नाही. दोन सीनियर्सनी ‘हे कोणी ठरवलं’ विचारलं. तिसरीने, जिची मला सर्वांत भीती होती तिने, ‘बरोबर आहे’ लिहिलं. सोमवारी आम्ही दोघी मॅडमकडे जाणार आहोत. मोगरीताई, निवडीचं तुम्ही लिहिलंय ते छापून नेऊ का?

मोगरी_फोंडा

ने. नाव घालायची गरज नाही. मॅडमना परीक्षक हवे असतील तर फोंड्याहून मी येईन, मानधन नको.